दृष्टीचा अभ्यास करायचाय? आधी चौकटीची वही आणा

बारावीचा निकाल लागला की मला फोन येऊ लागतात. कुणाची भाची असते, कुणाच्या शेजारणीचा मुलगा. "मॅडम, मेंदूवर संशोधन करायचंय, कुठे अ‍ॅडमिशन घेऊ?" माणसं कशी बघतात याचा अभ्यास करण्यात माझी पंचवीसेक वर्षं गेली, तेव्हा हा प्रश्न माझ्याकडे येणारच. माझं उत्तर ऐकून पालक मात्र जरा खट्टू होतात. मी सांगते, स्टेशनरीच्या दुकानातून शंभर पानी चौकटीची वही आणा, शिंप्याकडे असते तशी टेप आणा, आणि तीन महिने स्वतःचं बघणं मोजा. कॉलेजचं त्यानंतर बोलू.

मोजायचं का, ते मला लालबागच्या आमच्या खोलीत कळलं. बाबा गिरणीत रंगखात्यात होते. आलेल्या नमुन्याशी नव्या लॉटची शेड जुळवायची, हे त्यांचं काम. दोन चिंध्या ट्यूबलाइटखाली हुबेहूब एक दिसल्या तरी ते कधी पास करायचे नाहीत. खिडकीपाशी न्यायचे, तिथे एक हिरवट आणि एक तपकिरी निघायची. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी सातवीत होते. त्यांची गिरणी पुन्हा उघडली नाही. मग ते दादरला साड्यांच्या दुकानात लागले, आणि तिथेही दिवसातून दहा वेळा गिऱ्हाईक म्हणायचं, "जरा बाहेर उजेडात दाखवा ना." बाबा पदर हातावर टाकून फुटपाथवर यायचे. दिव्याखाली जुळलेला ब्लाउजपीस बाहेर येताच वेगळा पडायचा.

असं का होतं, हे मला एमएस्सीला कळलं. आपल्या डोळ्याच्या पडद्यावर रंग ओळखणाऱ्या शंकू पेशी तीनच प्रकारच्या असतात. प्रकाशात शेकडो तरंगलांबींचं मिश्रण असलं, तरी मेंदूपर्यंत या तीन पेशींचे तीनच आकडे पोचतात. दोन कापडांवरून येणारा प्रकाश पूर्ण वेगळा असूनही ते तीन आकडे सारखे येऊ शकतात, आणि मग आपल्याला ती कापडं एकाच रंगाची दिसतात. दिवा बदलला की आकडे बदलतात आणि जोडी फुटते. डोळ्यात रंग टिपणारे घटक तीनच प्रकारचे असावेत, ही कल्पना थॉमस यंग या इंग्रज शास्त्रज्ञाने १८०२ मध्ये मांडली होती. बाबांना यंग माहीत नव्हता, पण त्यांच्या हातात रोज त्याचाच पुरावा असायचा.

तुमचा पहिला प्रयोग हाच करा. घरातली रंगीत कापडं, रिळं, बटणं काढा. एलईडीखाली जुळणाऱ्या जोड्या लावा, मग सकाळी अकराला खिडकीत न्या. किती जोड्या टिकल्या ते लिहा. तारीख, वेळ, आभाळ ढगाळ होतं का, दिवा कुठला होता, हे सगळं लिहा. वहीचं डावं पान मोजमापाला, उजवं पान ज्याची अपेक्षा नव्हती त्याला. या उजव्या पानाबद्दल मी फार आग्रही आहे. १९५८ मध्ये बाल्टिमोरला डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझेल मांजराच्या मेंदूतल्या एका पेशीला ठिपके दाखवत होते आणि पेशी ढिम्म होती. काचेची स्लाइड बदलताना तिच्या कडेची सावली पडद्यावरून सरकली आणि पेशी एकदम तडतडू लागली. तिला ठिपका नको होता, ठराविक दिशेने कललेली रेघ हवी होती. त्यांनी त्या सावलीकडे काणाडोळा केला नाही. पुढे १९८१ मध्ये दोघांना नोबेल मिळालं.

आता अंतर. दृष्टीच्या अभ्यासात वस्तू किती सेंटिमीटरची आहे याला एकट्याने अर्थ नसतो. ती डोळ्यापाशी किती अंशाचा कोन करते ते लागतं. त्यासाठी एक आकडा पाठ करा: ५७ सेंटिमीटर. डोळ्यापासून ५७ सेंटिमीटरवर ठेवलेली १ सेंटिमीटरची वस्तू जवळजवळ १ अंशाचा कोन करते. हात लांब करून धरलेला अंगठा साधारण २ अंशांचा, आणि पौर्णिमेचा चंद्र फक्त अर्ध्या अंशाचा. इमारतींमागून वर येणारा चंद्र केवढा मोठा वाटतो! करंगळी लांब धरून तो झाका. मग रात्री अकराला, तो डोक्यावर आल्यावर, पुन्हा झाका. करंगळीचं नख दोन्ही वेळा त्याला सहज पुरतं. मोठा तो फक्त आपल्याला वाटला.

या ५७ सेंटिमीटरवर आंधळा बिंदू मोजा. भिंतीवर दोन कोरे कागद आडवे शेजारी चिकटवा, डाव्या बाजूला फुली काढा. पुस्तकांची चळत करून तिच्यावर हनुवटी टेकवा, म्हणजे डोकं हलणार नाही. डावा डोळा हाताने झाका आणि उजव्याने फुलीकडेच बघा. दुसऱ्या कुणाला तरी लाल टोपणाचं पेन उजवीकडून हळूहळू फुलीकडे सरकवायला सांगा. टोपण नाहीसं झालं की "गेलं" म्हणा, पुन्हा दिसलं की "आलं". दोन्ही ठिकाणी खूण करायची. मग उलट दिशेने. मग वरून खाली, खालून वर. फुलीपासून सुमारे १५ सेंटिमीटरवर, म्हणजे १५ अंशांवर, पाच-सहा अंश रुंद आणि त्याहून थोडा उंच असा लंबगोल सापडेल. तिथून दृष्टीची नस डोळ्याबाहेर पडते, त्यामुळे तिथे प्रकाश टिपणारी पेशीच नाही. एड्म मॅरिऑट या फ्रेंच माणसाने १६६० च्या दशकात हे शोधलं.

इथे बहुतेक मुलं थांबतात आणि मित्रांना गंमत दाखवायला जातात. तुम्ही थांबू नका. टोपण बाहेरून आत आणतानाची खूण आणि आतून बाहेर नेतानाची खूण जुळत नाही, बघा. कारण टोपण दिसेनासं झाल्यापासून तोंडातून "गेलं" निघेपर्यंत पेन पुढे सरकलेलं असतं. दोन्ही दिशांनी मोजून मधला आकडा घेतला की ही चूक बरीचशी निघून जाते. माझ्या मते संशोधनाचं शिक्षण इथूनच सुरू होतं. मग त्या लंबगोलावरून एक रेघ आरपार काढा आणि पुन्हा फुलीकडे बघा. रेघ तुटलेली दिसत नाही. जिथे डोळ्याकडून काहीच माहिती आली नाही, तिथे मेंदूने आजूबाजूवरून भरून काढलं.

पुढची प्रयोगशाळा लोकल. खिडकीत जागा मिळाली तरच, दारात उभं राहून कधीही नाही. नजर खिडकीच्या एका गजावर रोखा आणि मागे पळणारे रूळ, झोपड्या, झाडं नजरेच्या कडेने वाहू द्या. गाडी थांबली की त्याच गजावर नजर ठेवा. प्लॅटफॉर्म हळूच पुढे सरकल्यासारखा वाटतो, काहींना गाडीच मागे जातेय असं वाटतं. रॉबर्ट अ‍ॅडम्सने १८३४ मध्ये स्कॉटलंडच्या एका धबधब्याकडे बघून हेच लिहून ठेवलं. पाण्यावरून नजर काढून त्याने शेजारच्या खडकाकडे बघितलं, तर खडक वर चढताना दिसला. एका दिशेच्या हालचालीला दाद देणाऱ्या चेतापेशी बराच वेळ काम करून मंदावतात, उलट दिशेच्या पेशींचं पारडं जड होतं, आणि थांबलेली वस्तू उलटी चालू लागते.

नजर गजावर रोखायची, यावर मी जोर का देतेय? तुम्ही बाहेरचा एकेक खांब बघत राहिलात तर डोळे त्याच्याबरोबर जातात, झटक्याने परत येतात, पुन्हा जातात. मग डोळ्याच्या पडद्यावर हालचाल सलग पडत नाही. समोर खिडकीबाहेर बघत बसलेल्या मैत्रिणीचे डोळे नीट पाहा, तो लयबद्ध झटका स्पष्ट दिसतो. मैत्रिणीचेच पाहा, अनोळखी बाईच्या डोळ्यांत टक लावून बघू नका.

घरी हा प्रयोग फोनवर करता येतो. धो धो पावसाचा किंवा धबधब्याचा व्हिडिओ लावा, मध्यभागी कागदाचा ठिपका चिकटवा, ३० सेकंद ठिपक्याकडे बघा, मग व्हिडिओ थांबवा आणि उलटी हालचाल किती सेकंद टिकते ते स्टॉपवॉचवर घ्या. पाच वेळा. मग ६० सेकंद बघून पाच वेळा. दर वेळी मध्ये दोन मिनिटं विश्रांती. आता मुख्य पायरी: उजवा डोळा बंद ठेवून फक्त डाव्याने व्हिडिओ बघा, आणि थांबवल्यावर डावा झाकून उजवा उघडा. ज्या डोळ्याने धबधबा पाहिलाच नाही त्याला दगड चढताना दिसतील, जरा कमी वेळ, पण दिसतील. म्हणजे बदल निदान काही प्रमाणात अशा जागी झालाय जिथे दोन्ही डोळ्यांची माहिती एकत्र आलेली आहे, आणि अशी पहिली जागा मेंदूच्या मागच्या भागात, दृष्टीच्या बाह्यपटलात आहे. कवटीला हात न लावता, एका फोनवर आणि हाताच्या ओंजळीवर तुम्ही मेंदूतली जागा शोधलीत. एमएस्सीला असताना वसतिगृहाच्या खोलीत मी हे पहिल्यांदा केलं. त्या रात्री मला झोप आली नाही.

हालचाल दिसणं हे मेंदूचं वेगळं काम आहे, हे समजायला एका बाईची नोंद वाचावी. मेंदूच्या दोन्ही बाजूंना इजा झाल्यावर तिला रंग, आकार, चेहरे दिसायचे, पण हालचाल दिसेना. १९८३ मध्ये म्युनिकच्या डॉक्टरांनी तिच्याबद्दल लिहिलं. चहा ओतताना तिला धार गोठल्यासारखी दिसायची आणि कपात पातळी चढताना दिसत नसल्यामुळे कुठे थांबायचं ते कळायचं नाही. मी चहा गाळताना अजूनही कधीकधी तिची आठवण काढते.

एक छोटा प्रयोग मुंबईत जमत नाही, रस्त्यावरचे दिवे आड येतात. गणपतीला गावी गेलात तर तिन्हीसांजेला अंगणात जास्वंदीसमोर बसा. उजेड ओसरताना लाल फूल पानांच्या आधी काळं पडतं. शंकू पेशी मागे हटून अंधारातल्या दंड पेशी काम हाती घेतात आणि त्यांना लाल जवळजवळ दिसतच नाही. किती वाजता झालं ते लिहा.

आता प्रश्न कसा विचारायचा. या क्षेत्रातलं खरं कसब इथे आहे, आणि याच्याकडेच सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं. कार्डांवर रेघा काढा: एक १० सेंटिमीटरची, आणि ९.४, ९.७, १०.३, १०.६ सेंटिमीटरच्या चार. एका कार्डावर एकच रेघ. घरातल्या कुणालाही आधी एक, मग दुसरी दाखवा. एक नेहमी दहाची. कुठली आधी ते नाणं उडवून ठरवा. विचारायचं एवढंच, "कुठली मोठी, पहिली की दुसरी?" माहीत नाही असं उत्तर घ्यायचं नाही, अंदाजाने सांगायला लावायचं. प्रत्येक लांबी चाळीस वेळा. किती टक्के वेळा "मोठी" म्हटलं ते आलेखावर मांडा, रेघ इंग्रजी एस अक्षरासारखी वळते. पन्नास टक्क्यांवरून पंचाहत्तरवर जायला किती मिलिमीटर लागले, तो त्या माणसाचा उंबरठा. अनेकांचा लांबीच्या दोन-तीन टक्क्यांच्या आसपास येतो. मग २० सेंटिमीटरच्या रेघांवर तेच करा. मिलिमीटर साधारण दुप्पट होतील, टक्के तेच राहतील. गुस्ताव फेश्नरने १८६० मध्ये याच पायावर एक अख्खं शास्त्र उभं केलं.

अंदाजाने सांगायला का लावायचं? मी चाळीतल्या ज्येष्ठ मंडळींबरोबर काम केलं तेव्हा मला हे नव्याने कळलं. फिकट पट्टे दाखवून "दिसतात का?" विचारलं की एका आजोबांचं उत्तर यायचं, "हो हो, बरं दिसतंय." माणूस पोरीचं मन मोडत नाही. एक आजी नेमक्या उलट, पूर्ण खात्री झाल्याशिवाय हो म्हणायच्या नाहीत. दोघांचे डोळे सारखे असू शकतात, पण "हो" म्हणायची तयारी वेगळी. "पट्टे पहिल्या वेळी होते की दुसऱ्या?" असं विचारलं की ही तयारी बाजूला पडते आणि डोळा उरतो. आजोबा प्रत्येक वेळी विचारायचे, "बरोबर आलं का गं?" मी सांगायची नाही. सांगितलं की पुढचं उत्तर बदलतं. शेवटी चहा घेताना सगळं समजावून सांगायचं, ते त्यांचं देणं असतं.

सूचना मराठीत लिहायला शिका, ही माझी कळकळीची विनंती. फिकट, गडद, भडक, मंद, पुसट या शब्दांच्या छटा प्रत्येक घरात थोड्या वेगळ्या असतात. "उजळ" म्हटलं की काहींना रंग आठवतो, काहींना प्रकाश. आधी चार जणांना वाचून दाखवा आणि "तुम्हाला काय करायचंय असं वाटलं?" हे त्यांच्या शब्दांत ऐका. संमतीपत्रही त्यांच्या भाषेत हवं, आणि मधेच उठून जायची मोकळीक पहिल्याच ओळीत हवी.

एवढं झालं की कॉम्प्युटर. सायकोपाय नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, पायथॉनवर चालतं, साध्या लॅपटॉपला पुरतं. एक गोष्ट लक्षात ठेवा: ६० हर्ट्झच्या पडद्यावर एक चित्र सुमारे १६.७ मिलिसेकंद टिकतं, त्यामुळे तुम्ही २० मिलिसेकंद मागितले तरी मिळणार १६.७ किंवा ३३.३. फोनच्या स्लोमोशन कॅमेऱ्याने पडदा शूट करून तपासा. पडद्यावर विश्वास ठेवण्याची किंमत मी मोजली आहे. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी माझ्या आकड्यांत सकाळचे लोक दुपारच्या लोकांपेक्षा कमी बघत होते. मी त्याची एक सुंदर उपपत्तीही तयार केली होती. खरं कारण असं, की तेव्हाचे काचेचे मॉनिटर चालू केल्यावर अर्धा तास तापेपर्यंत त्यांचा उजेड बदलत राहायचा, आणि सकाळचा पहिला माणूस मी लगेच बसवायची. तीन महिन्यांचं काम गेलं. शोध लागला तो केवळ वहीत प्रत्येक वेळ लिहिलेली होती म्हणून.

शिक्षणाचा रस्ता मी थोडक्यात सांगते, कारण तो एक नाहीच. माझ्याबरोबर काम केलेल्यांत भौतिकशास्त्राचे, मानसशास्त्राचे, इंजिनीअरिंगचे, ऑप्टोमेट्रीचे, एमबीबीएस झालेले, सगळे आहेत. गणित सोडू नका, संख्याशास्त्र मनापासून शिका. मुंबईत कलिन्याला मूलभूत विज्ञान उत्कृष्टता केंद्रात नेस्ट परीक्षेतून पाच वर्षांचा एमएस्सी करता येतो. मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र पदवीच्या मुलांसाठी उपक्रम घेतं, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत उन्हाळी प्रकल्प असतात, पवईला आयआयटीत जीवविज्ञान आणि अभियांत्रिकी एकत्र शिकता येतं. पुढे बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था, मानेसरचं राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र, हैदराबादची एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्था. परीक्षांचे नियम दरवर्षी बदलतात, संस्थेच्या संकेतस्थळावरच बघा. पीएचडीला पाच-सहा वर्षं धरा. केंद्राची कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे. मुंबईत भाड्याने राहून त्यात ओढाताण होते, हे घरच्यांना आधीच सांगा.

प्रयोगशाळेला पत्र लिहायचं तर "आपल्या थोर कार्याने प्रभावित" वगैरे नको. त्यांचा एक शोधनिबंध वाचा, त्यातला एक आलेख निवडा, आणि तुम्हाला त्यात काय खटकलं किंवा कळलं नाही ते चार ओळींत लिहा. सोबत वहीतल्या एका प्रयोगाचा फोटो जोडा. असं पत्र आलं की मी त्याच दिवशी उत्तर देते. मी विद्यार्थी असताना एका प्राध्यापकांनी मला सांगितलं होतं की लोकांना काय दिसतं ते विचारणं हे विज्ञानच नव्हे. मी दोन दिवस रडले, मग माझे उंबरठ्याचे आलेख घेऊन दुसऱ्याकडे गेले. कुणी असं बोललं तर तुम्हीही आलेख घेऊन जा.

"याचा उपयोग काय?" हे आई-वडील विचारतातच, आणि तो रास्त प्रश्न आहे. १६८८ मध्ये विल्यम मॉलिन्यू या आयरिश माणसाने तत्त्वज्ञ जॉन लॉकला पत्रातून विचारलं होतं: जन्मांध माणसाला हाताने गोल आणि घन ओळखता येतात, त्याला अचानक दिसू लागलं तर तो नुसत्या नजरेने ओळखेल का? पवन सिन्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतात जन्मजात मोतीबिंदू असलेल्या मुलांवर शस्त्रक्रिया झाल्यावर हे तपासलं आणि २०११ मध्ये छापलं. पहिल्यांदा ओळखता येत नाही, पण काही दिवसांतच जमू लागतं. त्यांच्या 'प्रोजेक्ट प्रकाश'मुळे शेकडो मुलांना दृष्टी मिळाली आणि विज्ञानाला तीनशे वर्षांच्या प्रश्नाचं उत्तर. तुमच्या सोसायटीतल्या कुठल्या लहान मुलाचा एक डोळा आळशी असेल, तर त्याला आत्ताच नेत्रतज्ज्ञांकडे न्या. दुर्लक्षित डोळ्याच्या जोडण्या मेंदू लहानपणीच सोडून देतो, हे ह्यूबेल आणि वीझेल यांनीच दाखवलं.

शेवटचा प्रयोग फक्त काही घरांत करता येईल. घरात कुणाचं एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असेल आणि दुसऱ्याचं व्हायचं असेल, तर डॉक्टरांची परवानगी घेऊन मधल्या दिवसांत करा. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळं होत जातं आणि निळा प्रकाश अडवतं. नवं भिंग तो पुन्हा आत सोडतं. सकाळी अकराला खिडकीत कोरा पांढरा कागद ठेवा, रंगाच्या दुकानातून पांढऱ्या-पिवळसर छटांचं शेडकार्ड आणा. जुन्या डोळ्याने कागद बघायचा, तो झाकायचा, आणि तसाच दिसणारा नमुना नव्या डोळ्याने कार्डावर शोधायचा. दहा वेळा. दुसऱ्या ऑपरेशनपर्यंत दर आठवड्याला.

२०१९ मध्ये बाबांचा उजवा डोळा झाला आणि डावा सहा आठवड्यांनी व्हायचा होता. डोंबिवलीच्या घरात खिडकीशी खुर्ची घेऊन ते बसले, स्वतःचं पांढरं धोतर मांडीवर पसरलं, एक डोळा झाकला, मग दुसरा. "या डोळ्याने बघितलं की नीळ जास्त झाल्यासारखी वाटते," ते म्हणाले. मग कार्ड मागून घेतलं, माझ्या हातातलं पेन घेतलं, आणि पहिल्या रकान्यात तारीख, दुसऱ्यात वेळ, तिसऱ्यात शेडचा नंबर लिहिला. चौथ्या रकान्यात स्वतःहून लिहिलं: आभाळ निरभ्र.